मधले दोन दिवस

आमच्या शफाखान्यात जनावरांना 'अहो' आणि माणसांना 'अरे' म्हणायची रीत होती. रीत एकट्या सलोत्री साहेबांची, पण तिथं दुसऱ्या कोणाची रीत चालतच नसे. लाथा झाडणाऱ्या बैलापुढं उभं राहून ते म्हणायचे, "अहो पावणं, दमा जरा, आमाला बघू तरी द्या," आणि त्याच दमात बैलाच्या मालकावर खेकसायचे, "अरे शिंग धर की, बघायलास काय!" म्हशीला ते 'बाईसाहेब' म्हणत. गाभण म्हशीला तर उभ्या उभ्या कंबरेत वाकून आदाब करत.

सलोत्री म्हणजे जनावरांचा डॉक्टर. निजाम सरकारच्या राज्यात हाच शब्द होता, आणि जनावरांच्या दवाखान्याला शफाखाना म्हणत. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचा हा शफाखाना होता आणि मी तिथं कंपाउंडर. माझं गाव पेडगाव. घरी शेती होती, पण चार बुकं उर्दूची शिकलो होतो म्हणून नोकरी लागली. वय बावीस-तेवीस. साहेब पन्नाशीच्या पुढचे, म्हणजे माझ्या तेव्हाच्या हिशेबानं पार म्हातारे.

दिसायला ते मोठे चमत्कारिक होते. अंगात गळ्यापर्यंत गुंड्या लावलेली शेरवानी, डोक्याला काळ्या गोंड्याची तांबडी रुमी टोपी, टोपीखाली कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे. शेरवानीच्या आत चांदीच्या डबीत इष्टलिंग. शिवपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नसत आणि शिव्या मात्र अस्सल दखनीत देत. गावात नवा आलेला माणूस त्यांना सलाम करावा की नमस्कार करावा या पेचात पडायचा. मग साहेबच म्हणायचे, "कायबी कर, पण जनावर पुढं आण."

शफाखान्यात तिसरे होते चाचा. हे चपराशी. शफाखान्याच्या मागल्या दोन खोल्यांत ते बायको, सून आणि नात यांच्यासह राहत. त्यांचा मुलगा चांगला उंचापुरा होता, पण कामधंदा टिकत नव्हता. चाचा आणि साहेब वीस वर्षं एकत्र होते. दोघं एकमेकांशी फारसं बोलत नसत. चाचा पाणी तापवायचे, साहेब हात धुवायचे, इतकंच.

सत्तेचाळीस साल आलं. सगळ्या देशात झेंडे लागले. आमच्याकडं मात्र जुनाच झेंडा फडकत राहिला. आमच्या राज्याचं पुढं काय, सामील व्हायचं की वेगळं राहायचं, याची कुजबूज प्रत्येक ओट्यावर चाललेली. मी सामील होण्याच्या बाजूचा. नुसता बाजूचा नाही, भारावलेला. वऱ्हाडातून चोरून येणारी मराठी वर्तमानपत्रं मी पोटफुगीच्या औषधाच्या खोक्यात ठेवायचो आणि ओळखीच्या माणसांना वाचून दाखवायचो.

एका सकाळी साहेबांनी ते खोकं उघडलं. मी समोरच उभा होतो. आता नोकरी गेली आणि कदाचित तुरुंगही, असं मी धरून चाललो. त्यांनी चष्मा लावला, खुर्ची उजेडाकडं ओढली आणि वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. जाहिरातीसुद्धा. मग घडी घालून परत खोक्यात ठेवलं.

"पेपर कळला," ते म्हणाले. "आता तुझं म्हणणं काय हाय ते सांग."

मी सांगायला लागलो. पण भीतीनं की काय, माझं सगळं एकात एक अडकत गेलं. स्वातंत्र्य, जनता, अन्याय असे मोठे मोठे शब्द नुसते तोंडातून पडले.

"थांब," ते म्हणाले. "तुझं म्हणणं मीच सांगतो. चुकलं तर हात वर कर. बघ. तू घरी आईसंग मराठी बोलतूस अन् शाळेत तुला हिशेब शिकविला उर्दूत. म्हणून तुला हिशेब येत न्हाई अन् उर्दूबी धड येत न्हाई. बरोबर? सभा घ्यायची तर परवानगी पायजे. तुझ्या गावात विहीर कुठं पाडायची ते हैदराबादेत ठरतंय अन् तुला कोणी इचारत न्हाई. वर्दी घालून लाठ्या फिरवणारी पोरं हिंडायलीत, त्यांना सरकार आवरत न्हाई. अन् शेजारच्या वऱ्हाडात तुझ्यासारखाच माणूस मान वर करून चालतोय, ते तुला दिसायलंय. म्हणून तू म्हणतूस, सामील व्हावं. हात वर केला न्हाईस?"

मी हात वर केला नाही. माझंच म्हणणं मला पहिल्यांदा नीट कळलं होतं.

"म्हणजे साहेब, तुमी आमच्याच बाजूचे!" मी आनंदानं म्हणालो.

"न्हाई रे. मी म्हणतो, सामील होऊ नये."

त्यांनी खोक्याचं झाकण लावलं.

"आता माझं म्हणणं तू सांग."

"तुमी सरकारचं मीठ खाता, म्हणून."

"हे माझं म्हणणं न्हाई. ही माझी नोकरी हाय. नोकरी तुलाबी हाय, मग तुझं म्हणणं तसं कामून न्हाई?" त्यांनी चष्मा काढला. "चुकलं. उद्या परत सांग."

तेव्हापासून हे रोजचंच झालं. सकाळी हात धुता धुता ते विचारायचे, "सापडलं का माझं म्हणणं?" मी काहीबाही सांगायचो. तुम्हाला बदल नको वाटतो. तुमचं बालपण हैदराबादेत गेलं. तुम्हाला चाचांची काळजी वाटते. प्रत्येक वेळी ते मान हलवायचे. "हे माझ्याबद्दल झालं. माझं म्हणणं न्हाई झालं." माणसाबद्दल बोलणं आणि त्याचं म्हणणं सांगणं यात काय फरक आहे, हे मला कित्येक दिवस कळेना.

बरं, स्वतः तरी एक काही सांगावं? तेही नाही. एकदा देवगाव फाट्याकडं जनावरं टोचायला निघालो होतो. बैलांच्या दमणीत बसल्या बसल्या त्यांनी विषय काढला. "वऱ्हाडातली जनावरं आपण सरहद्दीवर थांबवतो, बघतो, टोचतो, मग आत सोडतो. म्हणून बुळकांडी आटोक्यात हाय. उद्या सरहद्द पुसली तर?"

बुळकांडी हा तेव्हा गुरांचा काळ होता. एका गोठ्यात शिरली की आठ दिवसांत अख्खं गाव साफ करायची. तरीही मला हसू आलं. "म्हणजे बुळकांडी येऊ नये म्हणून राजा ठेवायचा?"

"तुला हासू येतंय, कारण तुझा गोठा भरलेला हाय," ते म्हणाले.

पंधरा दिवसांनी दुसरंच. "राजा एक असला की शिव्या द्यायला बरं पडतंय. उद्या तुमचीच माणसं तिथं बसली, तर शिव्या कोणाला द्यायच्या? सोताला?" हे मला थोडं पटल्यासारखं वाटलं आणि त्याचाच राग आला. त्यानंतर एक दिवस तर कहर झाला. एका पाटलाच्या घोडीचा खूर तासता तासता म्हणाले, "निजाम राह्यला काय अन् गेला काय, मला त्याचं कायबी न्हाई."

मी कानस खाली ठेवली. "मग गेले इतके महिने तुमी काय म्हणायलात?"

"मधले दोन दिवस," ते म्हणाले.

"कोणते?"

"एक राज्य गेलंय अन् दुसरं अजून आलं न्हाई, ते दिवस. दोन असतील, चार असतील."

"पण ते जातील की साहेब! त्याच्या पुढं सगळं आयुष्य पडलंय."

"ज्याचे जातील त्याचे जातील," ते म्हणाले आणि घोडीला म्हणाले, "अहो, दुसरा पाय द्या."

मला वाटलं, ही म्हाताऱ्या माणसाची भीती. दोन दिवसांसाठी कोणी पुढची शे-दोनशे वर्षं अडवून धरतं का? घरात साप शिरला असताना दार उघडलं तर वारा येईल म्हणून दार न उघडण्यातला हा प्रकार. तसं मी त्यांना म्हणालोही. ते म्हणाले, "चांगलं बोललास. पण साप कोणाच्या अंगावरून भाईर जाईल ते बघितलंस का?" त्यांच्याशी वाद घालून मी घरी गेलो की वाटेत मला उत्तरं सुचायची आणि सकाळपर्यंत ती उत्तरंच मला पोकळ वाटायची.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात माझ्या बहिणीचं घर जळालं. येलदरीच्या पलीकडं, पूर्णेच्या काठाकडचं खेडं. आज तिथं धरण झालंय, तेव्हा नुसती नदी होती. वर्दीतली माणसं दुपारी गावात शिरली. गावानं झेंडा लावला होता एवढंच निमित्त. आठ-दहा घरं पेटवली. माझ्या मेव्हण्याच्या दोन्ही पायांवर लाठ्या घातल्या. तो पुढं जन्मभर लंगडत चालला.

निरोप आला तेव्हा मी शफाखान्यात होतो. मी साहेबांच्या टेबलाशी गेलो आणि ओरडलो, "आता सांगा! सांगा आता, जसं हाय तसं राहू द्या!"

साहेब उठले. औषधाची पेटी उचलली आणि माझ्याबरोबर निघाले. तिथं दोन दिवस राहिले. होरपळलेल्या बैलांच्या पाठींवर तेल आणि चुन्याच्या निवळीचे बोळे ठेवत राहिले. मेव्हण्याच्या पायांना बांबूच्या कामट्या त्यांनीच बांधल्या. माझी बहीण त्यांच्या त्या तांबड्या टोपीकडं बघत होती, तिच्या डोळ्यांत काय होतं ते सांगता येत नाही. त्यांच्याही ते लक्षात आलं असावं. त्यांनी टोपी काढून पेटीत ठेवली. परत येताना मात्र ती पुन्हा घातली आणि तशीच तहसील कचेरीत नेली. कोणत्या गावात, कोणत्या दिवशी, कशी आणि किती जनावरं जाळली, हे सगळं उर्दूत लिहून त्यांनी सरकारकडं तक्रार दिली. तहसीलदारानं त्यांना बजावलं म्हणे, की सलोत्रीनं जनावरांपुरतं पाहावं. हे म्हणाले, "जनावरांपुरतंच लिवलंय. माणसांचं तुमी लिवा."

मला वाटलं, झालं, हे वळले. संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणायचो. अक्कांनी पाट मांडला. साहेब खाली मान घालून जेवत होते.

"मी चुकलो असंन," ते म्हणाले.

अक्कांनी त्यांच्या ताटात भाकरी वाढली.

"पण तरीबी," ते म्हणाले.

"पण तरीबी काय, साहेब? माझ्या बहिणीच्या डोक्यावर छप्पर न्हाई!"

"म्हणूनच म्हणायलोय. आता त्या दोन दिवसांत जे होईल ते आजच्या हिशेबानं होईल. हे जाळणारे तवा पळून गेलेले असतील. हाती कोण लागंल?"

मी ताटावरून उठलो. अन्नाचा अपमान झाला म्हणून अक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण मला तिथं बसवेना. ज्या माणसानं माझ्या मेव्हण्याच्या पायांना कामट्या बांधल्या, त्याचंच ऐकून घेणं मला सहन होईना. दुसऱ्या दिवशी मी नोकरी सोडून वऱ्हाडच्या हद्दीवर, आमच्या लोकांच्या छावणीत गेलो. निघताना शफाखान्यावरून गेलो, आत गेलो नाही. चाचा दारात होते. "किधर?" म्हणाले. मी चालत राहिलो. त्यांचा मुलगा दोन महिन्यांपासून वर्दी घालून हिंडतो, हे मला माहीत होतं. तो माझ्या बहिणीच्या गावाला आला होता की नाही, ते मला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आजही नाही.

छावणीतले दिवस मी वीरश्रीचे करून सांगत नाही. मी जखमा धुतल्या, निरोप पोचवले, पुष्कळसा वेळ वाट पाहिली. भादव्यात हिंदी फौजा आल्या. चार-पाच दिवसांत सगळं आटोपलं. आम्ही नाचत हद्द ओलांडली. तो आनंद खरा होता, तो मी कोणाला नाकारू देणार नाही. आजही मला वाटतं, सामील व्हायलाच हवं होतं.

तालुक्याच्या गावी आम्ही पोचलो तेव्हा फौज मोठ्या सडकेनं पुढं गेलेली होती आणि मागं अजून कोणी आलेलं नव्हतं. तहसीलदार पळाला होता. ठाण्याला कुलूप होतं. पाऊस भुरभुरत होता आणि सगळं गाव रस्त्यावर होतं. काही दारं आतून बंद होती, काही सताड उघडी होती. उघड्या दारांतून लोक जा-ये करत होते. कोणाच्या डोक्यावर हंडा, कोणाच्या खांद्यावर बाज. ओळखीचे लोक. पानपट्टीवाला, भजनातला मृदंगवाला, आमच्याच पेडगावचे दोघं.

उर्दू शाळेच्या हेडमास्तरांचं घर उघडं होतं. ते कुटुंबासह कुठंतरी निघून गेले होते. मीही आत गेलो. कशाला गेलो? सगळे जात होते म्हणून. आतलं बरंचसं आधीच गेलेलं होतं. दारामागं खुंटीला एक काळी छत्री होती, मुठीला तांब्याची तार गुंडाळलेली. मी ती घेतली. बाहेर आलो, पाऊस होता म्हणून उघडली.

तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "शफाखान्यात चला, त्या चपराशाचं घर तिथं हाय!" चाचांच्या मुलाची वर्दी गावानं पाहिली होती. पन्नास-साठ माणसं त्या बाजूला वळली. मीही वळलो. माझ्या डोळ्यांपुढं बहिणीचं जळकं घर होतं, असं मी पुढं पुष्कळांना सांगितलं. खरं म्हणजे तेव्हा डोळ्यांपुढं काहीच नव्हतं. पुढच्या माणसाची पाठ होती.

शफाखान्याच्या फाटकासमोर चुन्याची जाड रेघ ओढलेली होती. फाटकावर रोगराईचं लाल फडकं टांगलेलं. आणि रेघेच्या आत साहेब उभे. तीच शेरवानी, टोपी, विभूती. हातात काहीही नाही.

"आत बुळकांडीचं जनावर हाय," ते म्हणाले. ओरडले नाहीत, रोज सांगायचे तसं सांगितलं. "काल येलदरीकडून आणलंय. ज्याच्या पायाला हितली माती लागंल, त्याच्या दावणीला दसऱ्यापर्यंत शेपूट उरणार न्हाई. यायचं त्यानं यावं."

सगळे शेतकरीच. लोक रेघेशी थबकले. मागचे ढकलत होते, पुढचे पाय रोवून उभे होते. मग एकजण म्हणाला, "खोटं बोलायलाय. जनावर असतं तर वरडलं नसतं का?" आणि दुसऱ्यानं मला ओळखलं. "ह्यो कंपाउंडर हाय की! ए, सांग रे, खरं हाय का?"

सगळे माझ्याकडं वळले. साहेबही. बुळकांडीचं जनावर ते कधीही शफाखान्यात आणू देत नसत, जागेवर जाऊन बघत. तो त्यांचा नियमच होता. आत जनावर नव्हतं, आत चाचा आणि त्यांची बायको, सून, चार वर्षांची नात होती, हे मला सांगायची गरज नव्हती. साहेबांची नजर एकदा माझ्या तोंडावर आली, मग वर छत्रीकडं गेली, मग परत तोंडावर आली. त्या मुठीची तार सगळ्या गावाला ठाऊक होती.

"खरं हाय," मी म्हणालो. "वास यायलाय. ओळखीचा वास हाय."

लोक हळूहळू मागं सरले. काहींनी चपला काढून पावसाच्या पाण्यात धुतल्या. मी का तसं बोललो, याचा मी पुढं फार विचार केला. दया आली म्हणावी, तर तसं काही वाटलेलं आठवत नाही. साहेबांचं पटलं म्हणावं, तर त्या क्षणी मला त्यांचा रागच आला होता. ते दार त्या दिवशी उघडलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सैन्याची तुकडी आली आणि चाचांचं कुटुंब तिच्या पहाऱ्यात परभणीला गेलं. गावातल्या दुसऱ्या काही घरांपुढं चुन्याची रेघ नव्हती. तिथलं मी लिहीत नाही. चाचांचा मुलगा परत कधी दिसला नाही.

काही महिन्यांनी नवं सरकार नीट बसलं आणि जुन्या नोकरांची चौकशी सुरू झाली. कोण निष्ठावान, कोण नाही. मला नोकरीवर परत घेतलं होतं, छावणीत होतो म्हणून मानानं घेतलं होतं. साहेबांच्या चौकशीत साक्षीदार म्हणून मलाच बोलावणं आलं. अधिकारी नागपूरकडचे, तरुण, पांढऱ्या सदऱ्यातले, सभ्य गृहस्थ होते. साहेबांना आधी एकदा विचारून झालं होतं, ते बाहेर कडुनिंबाखालच्या बाकावर बसले होते.

"हे गृहस्थ निजामाचे समर्थक होते?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"होते. म्हणजे, तसे नव्हते."

"होते की नव्हते?"

"सामील होऊ नये असं म्हणत होते."

"म्हणजे होते."

"पण निजामासाठी नाही."

"मग कोणासाठी?"

हो म्हटलं तर त्यांची नोकरी जाणार. नाही म्हटलं तर ते खोटं, आणि बाहेर बसलेल्या माणसाला ते खोटं अजिबात चाललं नसतं. मग मी त्यांचं म्हणणं सांगायला लागलो. बुळकांडीपासून सुरुवात केली, तेव्हा अधिकारी हसले. पण पुढं त्यांनी लेखणी खाली ठेवली. जाणाऱ्या राज्याचे गुन्हेगार पळून जातात आणि हिशेब मागं राहिलेल्यांकडून घेतला जातो. म्हणून हे मधले दिवस टाळायचे, ते टळणार नसतील तर पुढं ढकलायचे. तोवर शहाणपण येईल, न आलं तर निदान बायकामुलांना कुठंतरी पोचवता येईल. असं मी सांगत गेलो. कित्येक महिने रोज सकाळी चुकत होतो, ते त्या दिवशी बरंचसं जमलं.

"तुम्हाला हे पटतं?"

"नाही साहेब. पुढं ढकललं असतं तर आणखी घरं जळाली असती. माझ्या बहिणीचं जळालं."

"मग इतक्या कळकळीनं का सांगताय?"

"त्यांनी माझं म्हणणं याच्याहून चांगलं सांगितलं होतं."

अधिकाऱ्यांनी कपाळ चोळलं. "मधल्या त्या दिवसांत तुम्ही इथं होतात ना? काय झालं?"

मी फाटकावरचं सगळं सांगितलं. त्याच्या आधीचं सांगितलं नाही. कारकुनानं माझा जबाब लिहून घेतला. शेवटी एक ओळ होती: 'सत्तांतराच्या काळात दुष्ट प्रवृत्तीचे लोक मोकाट सुटतात, असे त्यांचे मत होते.' मी सही केली. नियमाप्रमाणे तो जबाब बाहेर नेऊन साहेबांना वाचून दाखवला. कारकून आत गेला आणि मी त्यांच्याशेजारी बसलो.

"चांगलं सांगितलंस," ते म्हणाले. "पण शेवटचं चुकलं. दुष्ट लोक, असं मी कवा म्हणलो?"

"मग?"

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "पहिल्या मोठ्या लढाईत मी आपल्या घोडदळासंग शामकडं, तुर्कांच्या मुलखात गेल्तो. घोड्यांची मलमपट्टी करायला. तुझ्याच वयाचा. एका गावातून तुर्क निघून गेल्ते अन् इंग्रज आले न्हवते. आमी पाच-सात जण घोड्यांना जव हुडकत आधीच आत शिरलो. गावातले लोक एकमेकांची घरं लुटायलते. मीबी एका घरात गेलो. जव न्हवतंच. एक म्हातारी गोधडी पांघरून बसल्ती. मी तिची गोधडी ओढली."

"थंडी होती?"

"न्हाई. घोड्यावर टाकायलाबी नको होती. तिनं दुसरं टोक सोडलं न्हाई. वरडली न्हाई, रडली न्हाई, नुसतं टोक धरून माझ्याकडं बघत राह्यली. अन् मी ओढत राह्यलो. लय येळ. शेवटी तिचे हात दमले. दुसऱ्या दिवशी ती गोधडी मी तिथंच टाकून पुढं गेलो." त्यांनी टोपीचा गोंडा सारखा केला. "मी दुष्ट हाय का रे? सकाळ-संध्याकाळ लिंगपूजा करतो. म्हणून म्हणतो, ते दोन दिवस नको. दुसऱ्यांचं भ्या न्हाई मला."

मी त्यांच्याकडं वळलो. "साहेब, त्या दिवशी ती छत्री..."

"वळखली होती मी."

"मग तुमी आत साहेबाला माझं का सांगितलं न्हाई?"

"तेनी इचारलं न्हाई. ते फक्त मी कोणाचा हाय तेवढंच इचारायलेत."

आतून त्यांचं नाव पुन्हा पुकारलं गेलं. ते टोपी घालून गेले आणि पाच मिनिटांत परत आले. सामील होऊ नये म्हणत होतात का, असं विचारलं, हो म्हणून सांगितलं, म्हणाले. महिन्याभरात त्यांना मुदतीआधी घरी बसवल्याचा हुकूम आला. अधिकाऱ्यांनी शेऱ्यात 'सचोटीचे' असा एक शब्द घातला होता, त्याचा उपयोग काही झाला नाही. साहेब आणि अक्का लेकीकडं बिदरच्या बाजूला निघून गेले. जाताना गोठ्यातल्या गायीचा निरोप त्यांनी आधी घेतला, माझा नंतर. मला म्हणाले, "लांबचा प्रवास हाय, काळजी करू नका." हे गायीला म्हणायचं राहिलं होतं की मलाच म्हणाले, ते मला उमगलं नाही.

हेडमास्तर परभणीत नातलगांकडं राहतात, असं मला पुढं कळलं. ते कुटुंब हैदराबादला जायच्या तयारीत होतं. एका दुपारी मी ती छत्री कागदात गुंडाळून घेऊन गेलो. अर्ध्या वाटेत एकदा परत फिरलो आणि पुन्हा निघालो. मास्तर घरी नव्हते. दारावर पडदा होता. पडद्याआडून एका बाईंचा आवाज आला. मी छत्री आत सरकवली. कागद फाडल्याचा आवाज आला, मग छत्री उघडून मिटल्याचा.

"कौन देके गया बोलूं?" त्यांनी विचारलं.

माझं नाव माझ्या ओठांवर होतं. वाटेत मी ते चार वेळा मोठ्यानं म्हणून पाहिलं होतं.

"शफाखान्यातून आलोय," मी म्हणालो.

"अच्छा, सलोत्री साहेबनं भेजे? उनो बहुत नेक आदमी हैं. हमारी दुआ बोलना उनकू."

"जी," मी म्हणालो, आणि भर उन्हात स्टेशनाकडं चालू लागलो.